दोनशेच्या पुढची नावं

ती आली त्या दिवसापासून माझ्या पोटात दुखायला लागलं, हे आधीच सांगून टाकते. उगाच साळसूदपणाचा आव कशाला आणायचा?

आमचं ऑफिस गुजरातेत, भेस्तानला, साड्यांवर छापायच्या डिझाइनचं. फाइली मात्र सगळ्या सचिन गावातल्या मिलमधल्या मोठ्या कॉम्प्युटरवर. कुठली फाइल कुठल्या फोल्डरमध्ये आहे हे बारा वर्षं फक्त मला माहीत होतं. शेठ केबिनमधून ओरडायचे, "बेन, पेली बांधणी क्यां छे?" आणि ती कुठे आहे हे मी मान वर न करता सांगायचे. लिंबायतच्या वस्तीतल्या लूम-कामगाराची मुलगी मी; ऑफिसात माझी किंमत होती ती एवढ्या एकाच गोष्टीची.

मग ती आली. वय चोवीस, वडील बँकेत, गुजराती अशी की शेठाणीनेही ऐकत राहावं. शेठनी तेव्हा ऑफिससाठी एआय एजंट घेतला होता. काही विचारलं की स्वतः शोधून उत्तर आणणारा. पण सचिनच्या कॉम्प्युटरवर काय आहे ते त्याला दिसत नव्हतं. हिने दोन आठवड्यांत त्याच्यासाठी एक टूल बनवलं. फोल्डरचं नाव दिलं की तिथल्या फाइलींची यादी इथे हजर. शेठ एकेकाला बोलावून दाखवत होते. मीही टाळ्या वाजवल्या. अंगाचा नुसता तिळपापड होत होता.

त्यात त्या टूलची माहिती लिहायचं काम शेठनी माझ्याच गळ्यात टाकलं. ती माहिती एजंट वाचणार, आणि लिहिलंय तसंच वागणार. म्हणजे बारा वर्षं डोक्यात सांभाळलेलं सगळं मीच त्याला शिकवायचं, आणि शाबासकी तिला! घरी आईजवळ धुसफुसले, तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, "तुना जीव कसाले जळस वं? ती पोर तुनं काय खाई ऱ्हायनी?" ती माझं काय खातेय हे मला सांगताही येईना, त्याचाच जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी चहा पिताना तिने मला टूल समजावलं. "ताई, एक महत्त्वाचं. यादीत एका वेळी दोनशेच नावं येतात. पुढची हवी असतील तर पुन्हा मागावी लागतात. एजंटला हे सांगितलं नाही तर त्याला वाटेल, यादी संपली."

मी सगळं लिहिलं. गरब्याच्या डिझाइनचं फोल्डर वेगळं का, जुन्या फाइलींच्या नावात आधी साल का, अगदी सगळं. मन लावून लिहिलं आणि चांगलं लिहिलं. ती एक ओळ तेवढी लिहिली नाही. विसरले नव्हते. बोटं कीबोर्डवर होती आणि मी ठरवून पुढे गेले. तिचं टूल एकदा तरी सगळ्यांसमोर तोंडावर पडावं, एवढंच मला हवं होतं. लिहिलेलं तिला दाखवायला गेले, तर म्हणाली, "तुम्ही लिहिलंय म्हणजे बघायलाच नको, ताई."

महिनाभराने मी भाचीच्या लग्नाला धुळ्याला गेले होते. तेवढ्यात एका व्यापाऱ्याला जुनी मोराची किनार पुन्हा हवी झाली. शेठनी मला साधा फोनसुद्धा केला नाही, एजंटला विचारलं. तो म्हणाला, अशी फाइल नाही. मग आमच्या सगळ्यात जुन्या डिझायनरनी, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो, चार दिवस बसून तो मोर पिसापिसाने नव्याने काढला. मी परतले त्या सकाळी ते जुन्या सालाच्याच नावाने फाइल ठेवायला गेले, तर कॉम्प्युटरने सांगितलं, या नावाची फाइल आधीपासून आहे. यादीत ती दोनशेच्या पुढे होती.

काका चष्मा काढून डोळे चोळत बसून राहिले. मला तिची फजिती हवी होती, आणि फुकट शिणले ते काकांचे डोळे.

शेठ तापले, चूक कुणाची ते विचारू लागले. "आ कोनी भूल छे?" चोराच्या मनात चांदणं, मला वाटलं, सगळे माझ्याकडेच बघताहेत. उठली ती. "मारी, शेठ. बेनने कहेवानुं रही गयुं." ताईंना सांगायचं माझ्याकडूनच राहिलं, असं म्हणून मोकळी झाली. काकांचीही माफी मागितली. शेठ दोन मिनिटांत निवळले. इतकं सोपं असतं ते? बारा वर्षांत "माझी चूक" हे शब्द माझ्या तोंडून कधी निघाले नव्हते. आता मला त्याचाही हेवा वाटायला लागला.

नंतर पाण्याच्या कूलरपाशी तिने मला गाठलं. चेहरा उतरलेला. "ताई, खरं सांगा, मी ते दोनशे नावांचं तुम्हाला बोलले होते का? मला वाटतं बोलले होते, पण नीट आठवतच नाही."

आजूबाजूला कोणी नव्हतं. खरं सांगितलं असतं तरी ती शेठकडे गेली नसती, एवढं मी तिला ओळखत होते.

"नाही गं," मी म्हटलं. "राहिलं असेल तुझ्याकडून."

"सॉरी हं, ताई."

"असू दे," मी म्हटलं, आणि मोठ्या मनाने तिला माफ केलं.