चढावरची खडखड

नव्वदच्या दशकात इंदिरानगरात कुणाला मोटार शिकायची असली की एकच नाव पुढे यायचं: वडनेरेबाई. लतिका वडनेरे. कॉटनची साडी, पदर कमरेला खोचलेला, डोळ्यांवर जाड फ्रेमचा चष्मा आणि मांडीवर नेहमी एक हातरुमाल. तो घाम पुसायला नसायचा. शिकणाऱ्याच्या हाताला घाम सुटून स्टिअरिंग निसटायला लागलं की बाई तो पुढे करायच्या. मीही त्यांच्याकडेच शिकले, त्यामुळे तो रुमाल मला चांगला ओळखीचा आहे.

त्या या धंद्यात पडल्या त्या यजमानांमुळे. धनराज वडनेरे पाटबंधारे खात्यात होते. बदली होऊन निघालेल्या एका साहेबांची फियाट त्यांनी हौसेने घेतली, पण चालवायला बसले की घाबरायचे. समोरून सायकल आली तरी ते डोळे मिटून घ्यायचे. महिनाभर गाडी दारात उभी राहिली. शेवटी बाई म्हणाल्या, "अहो, मी शिकते. तुम्ही मागे बसा." बाई शिकल्या, मग शेजारणी मागे लागल्या, आणि दोन-तीन वर्षांत रीतसर परवाना काढून बाईंनी ड्रायव्हिंग स्कूल सुरू केलं. फियाटला डावीकडे जादा क्लच आणि ब्रेक बसला. छपरावरची पाटी धनराजकाकांनी स्वतः रंगवली. 'स्कूल' मधला 'ल' जरा तिरका आला, तो तसाच राहिला.

शहाण्णव साली, पावसाळा सरता सरता, बाईंकडे गंगाधर गायधनी शिकायला आले. पंचवटीतले तीर्थोपाध्ये, वय साठीकडे झुकलेलं. रामकुंडावर यात्रेकरूंची कार्यं सांगण्यात सगळा जन्म गेलेला. त्यांना सगळे गुरुजी म्हणत. त्यांची मुलगी स्वरदा पेठला सरकारी दवाखान्यात डॉक्टर होती आणि बायको चंद्रभागा गुडघ्यांनी पार हैराण झालेली. एसटीची पायरी तिला चढवेना. लेकीचं घर तिने अजून पाहिलं नव्हतं. गुरुजींच्या पुतण्याकडे गाडी होती, पण पुतण्याला कधीच सवड नसायची. म्हणून गुरुजींनी ठरवलं, आपणच शिकायचं.

शिकायला ते हळू होते, पण चिकाटीचे. फियाटच्या गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली. तो ओढताना ते आधी मनात काहीतरी पुटपुटायचे. बाईंना वाटायचं मंत्र म्हणतात. एकदा त्यांनी कान दिला, तर गुरुजी म्हणत होते, "क्लच, मग दांडा, मग सोडा, हळू सोडा."

पेठ रोडला शहराबाहेर पडल्यावर एक चढ होता. बाई प्रत्येकाला तिथे न्यायच्या. शिकाऊ माणूस सगळ्यात मोठी चूक तिथेच करतो, असं त्यांचं म्हणणं. गाडीचा वेग पडलेला असतो, तरी तो वरचाच गिअर धरून ॲक्सिलरेटर दाबत राहतो. मग इंजिनातून बारीक धातूचा आवाज यायला लागतो, पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा. मिस्त्री लोक त्याला नॉकिंग म्हणतात. "ऐकू येतंय?" बाई विचारायच्या. "ती कण्हतेय. गिअर खाली घ्या."

त्या दिवशी गाडीत मागे आणखी दोन शिकाऊ होत्या. गुरुजी चढाला लागले आणि खडखड सुरू झाली.

"गुरुजी, गिअर खाली घ्या."

"खालीच आहे, बाई. दुसरा."

"दुसऱ्यात अशी वाजत नाही गाडी. तुम्ही तिसऱ्यात आहात."

"नाही हो. दुसराच टाकलाय मी."

बाईंचा पारा चढला. सकाळपासून त्या हेच सांगत आल्या होत्या. "गुरुजी, इंजिन खोटं बोलत नाही. इतके दिवस शिकून एवढंही कळत नसेल तर घाटाचा नाद सोडा!"

मागच्या दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. गुरुजींनी गाडी कडेला घेतली, नीट हँडब्रेक ओढला आणि उतरून जागा बाईंना दिली. दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्या दिवशीही नाहीत.

त्याच आठवड्यात बाई एकट्याच गाडी घेऊन म्हसरूळकडे निघाल्या होत्या. वाटेत छोटासा चढ लागला. दुसरा गिअर होता, त्यांनी स्वतः टाकलेला. पाय दाबला आणि तोच आवाज आला. बाईंनी गाडी थांबवली. पुन्हा सुरू केली, पुन्हा तेच.  गुरुजींचा हँडब्रेक ओढतानाचा चेहरा त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या रामकुंडावर गेल्या. गुरुजी कुठल्याशा विदर्भातल्या कुटुंबाचं कार्य सांगत होते. बाई पायऱ्यांवर उन्हात बसून राहिल्या. कार्य उरकून माणसं पांगली, तेव्हा गुरुजी पंचा झटकत समोर आले.

"बाई, तुम्ही इथे?"

"तुम्ही दुसऱ्यातच होतात," बाई म्हणाल्या. "चूक माझी होती. गाडी बिघडलीय."

गुरुजी पंचाची घडी घालू लागले. "मला चुकीचं वाईट नाही वाटलं. मी चुकतोच. पण त्या पोरींसमोर म्हणालात."

"हो. ते नको होतं व्हायला."

"बरं, जाऊ द्या." त्यांनी पंचा खांद्यावर टाकला. "आता गाडीचं बघू. आवाज नेमका केव्हा येतो? मला तर पाय दाबला की यायचा. सोडला की बंद."

बाईंना हे सुचलं नव्हतं. दोघं तिथूनच गाडीत बसले. गाडी जागेवर उभी ठेवून इंजिन चढवलं, तर आवाज नाही. सपाट रस्त्यावर फारसा नाही. ओझं पडलं आणि ॲक्सिलरेटर दाबला की मात्र यायचा. म्हणजे इंजिनातल्या झडपा हलवणारे टॅपेट वाजत नव्हते. ते तर उभ्या गाडीतही टिकटिकतात.

पाथर्डी फाट्याजवळ लहानू मिस्त्रीचं गॅरेज होतं. बाईंची गाडी पहिल्यापासून तोच बघायचा. तो म्हणाला, "ताई, पेट्रोल खराब आसंल." बाईंनी दुसऱ्या पेट्रोलपंपावर भरून पाहिलं, फरक नाही. मग त्याने डिस्ट्रिब्यूटर सैल करून किंचित फिरवला, म्हणजे ठिणगी जराशी उशिरा पडावी. खडखड थांबली खरी, पण गाडीचा जीवच गेला. चढावर ती धापा टाकायची आणि शिकणाऱ्यांच्या हातात वरचेवर बंद पडायची. बाईंनी पुन्हा होतं तसं करून घेतलं.

"हे सुरू कधी झालं?" गुरुजींनी विचारलं. ते तिथेच स्टुलावर बसून चहा पीत होते.

बाई आठवू लागल्या. गेल्या वर्षी नव्हतं. उन्हाळ्यात गाडी तापली होती, वाफ निघाली होती, इंजिनाच्या झाकणाखालचं, म्हणजे हेडखालचं, गॅस्केट उडालं होतं. ते काम झाल्यावर बाईंनी सुट्टीत शाळा बंद ठेवली होती. मग जूनपासून...

"लहानू, त्या कामानंतरच की रे!"

लहानूने हातातला पाना खाली ठेवला. "थांबा ताई. तवा हेड वाकलेलं, म्हणून मी घासून सपाट करायला फेसिंगला दिलं व्हतं. तो मशीनवाला बोलला व्हता, हे आधी पण घासलेलं हाय, आता लय पातळ झालंय. माझ्या ध्यानातून गेलं."

मग त्याने जमिनीवर खडूने चित्र काढून दाखवलं. हेड घासलं की पिस्टनच्या वरची जागा कमी होते. तेवढंच पेट्रोल आणि हवा आता जास्त दाबली जाते. ठिणगीने पेटून ते शिस्तीत जळत जायला हवं, पण दाब आणि उष्णता सोसवत नाही म्हणून राहिलेलं मिश्रण आपण होऊनच भडकतं. तोच तो खडखडाट. बरेच दिवस चालला तर पिस्टन खातो.

त्या काळी पेट्रोल दोन तऱ्हांचं मिळे, सत्त्याऐंशी ऑक्टेन आणि त्र्याण्णव. फियाटला साधं सत्त्याऐंशीच पुरायचं आणि बाईही तेच भरत आल्या होत्या. त्र्याण्णव मोजक्या पंपांवर असायचं. घरी ही गोष्ट निघाली तेव्हा धनराजकाका खूष झाले.

"त्र्याण्णव टाक की मग! गाडी पळेल नुसती."

"अहो, ते ताकदीचं औषध नाही," बाई म्हणाल्या. "ऑक्टेन म्हणजे दाब सोसायची कुवत. ज्या गाडीला गरज नाही तिला ते पाजून काही होत नाही. आपलीला आता गरज आहे."

टाकी जवळजवळ रिकामी होऊ दिली आणि मग त्र्याण्णव भरलं. पेठ रोडचा तोच चढ. चालवायला गुरुजी, शेजारी बाई. गुरुजींनी दुसरा टाकला, पाय दाबला. गाडी सरळ वर गेली. वर पोचल्यावर गुरुजींनी बाईंकडे पाहिलं, आणि बाईंनी रुमाल पुढे केला. गुरुजींच्या तळहातांना पाणी सुटलं होतं.

पुढे बाईंनी निम्मं-निम्मं करूनही पाहिलं. शहरातल्या सपाट रस्त्यांना ते पुरत होतं, चढाला थोडं कमी पडे. तेव्हा रोजच्या शिकवणीला मिसळलेलं आणि लांब जायचं तर निव्वळ त्र्याण्णव, असं त्यांनी ठरवून टाकलं.

गुरुजींना लायसन मिळालं. पुतण्याला तेव्हाही सवड नव्हती आणि त्याची गाडीही मोकळी नव्हती. बाई म्हणाल्या, "आपली आहे ना. मी बसते शेजारी." एका रविवारी फियाट पेठला निघाली. मागे चंद्रभागाबाई, पायाखाली उशी घेतलेल्या, आणि त्यांच्या शेजारी धनराजकाका, मांडीवर चिवड्याचा डबा घट्ट धरून.

सावळघाट लागला. गुरुजींनी वळणाच्या आधीच गिअर खाली घेतला. बाईंनी काच खाली केली. लहानूने आदल्या दिवशी सगळं तपासलं होतं, तरी दोघांचेही कान इंजिनाकडे. धनराजकाकांनी डोळे मिटले होते.

"अहो, सगळे असे गप्प का? काय ऐकताय?" चंद्रभागाबाईंनी विचारलं.

"काही नाही," गुरुजी म्हणाले.

"काही नाही म्हणजे?"

"म्हणजे काहीच ऐकू येत नाहीये, चंद्रा. तेच ऐकतोय."

त्या हसल्या आणि बाहेर बघू लागल्या. उतारांवर नागलीची, म्हणजे नाचणीची, शेतं पिवळी पडू लागली होती. त्या रस्त्याने चंद्रभागाबाई जन्मात पहिल्यांदाच चालल्या होत्या. पेठला स्वरदा क्वार्टरच्या दारात उभी होती. बापाला स्टिअरिंगवर पाहून ती आधी ओरडलीच, मग आईला उतरवायला धावली. नागलीची भाकरी आणि उडदाचं आमटीवजा पिठलं जेवून झाल्यावर चंद्रभागाबाईंनी लेकीची दोन्ही कपाटं उघडून पाहिली, गॅसची शेगडी पाहिली, खिडकीच्या कड्या नीट लागतात का तेही पाहिलं. गुरुजी दुपारभर पडवीत घोरत होते. मुक्कामाला गुरुजी आणि चंद्रभागाबाई तिथेच राहिले, पुढच्या रविवारी बाई त्यांना न्यायला येईपर्यंत. त्या संध्याकाळी परत येताना गाडी बाईंनी चालवली आणि धनराजकाकांनी घाट उतरून झाल्यावर डोळे उघडले.

नंतरची काही वर्षं गुरुजी पुतण्याची गाडी मागून नेत आणि पेठला जाऊन येत. दोन हजार सालाच्या सुमारास बिनशिशाचं पेट्रोल सगळीकडे आलं, मग नवनव्या नावांची महाग पेट्रोलं आली. लोक बाईंना विचारत, कुठलं भरू? बाई म्हणत, "गाडीचं पुस्तक काय म्हणतं ते आधी वाचा. आणि मग चढावर काच खाली करून ऐका."

दोन हजार चारच्या दिवाळीनंतर बाईंनी फियाट विकली. गिऱ्हाईक नामपूरचा सुनील नावाचा कांदा व्यापारी होता, जुन्या गाड्यांचा शौकीन. बाईंनी त्याला आधी चढावर नेलं, मग हेडची सगळी हकिकत सांगितली, कुठलं पेट्रोल, ठिणगीचं टायमिंग किती, तापली तर काय करायचं, सगळं. सुनील ऐकत राहिला. शेवटी हसून आपल्या बोलीत म्हणाला, "मावशी, हाई गाडी शे का तुमनी पोर शे?"

 बाईंनी चावी त्याच्या हातात ठेवली आणि धनराजकाकांना हाक मारली, छपरावरची पाटी उतरवून घ्यायला.