फ्लॅट क्रमांक नसलेल्या घरासाठी

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी मी नागपुरातल्या एका लहान ऑफिसात इंटर्नशिपला लागले. भांड्यांच्या एका दुकानासाठी आम्ही ऑनलाइन दुकान बनवत होतो. पत्ता भरायचं पान माझ्याकडे होतं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. ऑफिसात तोंड उघडण्याआधी वाक्य मनात दोनदा म्हणून पाहायची.

सुट्टीत पारशिवनीजवळच्या आमच्या गावी गेले, तेव्हा ते पान फोनवर उघडून आईच्या हातात दिलं. तिनं हौसेनं कुकर निवडला. ‘फ्लॅट क्रमांक’ या रकान्यात लिहिलं, ‘नाही’. ‘रस्ता’मध्ये लिहिलं, ‘आहे’. मला हसू आलं. मग दोन्ही रकाने लाल झाले: ‘कृपया योग्य पत्ता भरा.’

“काहून वं? आपला पत्ता योग्य नाही काय?”

“तसं नाही आई...”

“मंग पोस्टमन कसा येते? समाजमंदिराच्या मागं, बोरवेलजवळ म्हटलं की कोणीही आणून सोडते.”

फोन माझ्याकडे सरकवून ती उठली. मी पुन्हा पुढे केला, तर तिनं हात लावला नाही.

परत आल्यावर मी ते दोन्ही रकाने काढले. एकच मोठा ठेवला: ‘घरी कसं यायचं, तुमच्या शब्दांत सांगा.’ खाली पिनकोड आणि फोन.

ऑफिसातले सर म्हणाले, “लोकांना निबंध लिहायला लावते काय? रकाने परत टाक. फ्लॅट नंबर नाही ते लोक कुठं ऑनलाइन कुकर घेऊन राहिले?”

“सर, ती गावच्या म्हशींसाठी डिझाइन करून राहिली,” शेजारचा मुलगा म्हणाला. सगळे हसले.

“माझी आई घेत होती,” मी म्हणाले. “आपल्या पानानं तिला परत पाठवलं.”

“इंटर्नशिपचं पत्र पाहिजे ना तुला?”

पाहिजे होतं. त्याशिवाय माझं वर्ष पूर्ण होणार नव्हतं.

“पाहिजे सर. पण ते रकाने मी नाही टाकणार. टाकायचे तर तुम्ही टाका.”

त्यांनी टाकले. मला पत्र मिळालं नाही.

कॉलेजच्या मॅडमनी दुसरी जागा शोधायला मुदत दिली आहे. शोधते आहे. मुलाखतीत आधीचं काम दाखव म्हणतात, तेव्हा मी माझं तेच एका मोठ्या रकान्याचं पान उघडते. “यात फ्लॅट क्रमांक राहिला की,” कुणीतरी म्हणतंच.

“राहिला नाही,” मी सांगते, “मी काढला.”