आज म्होरं कोण

बाईंच्या प्रयोगशाळेत कुणाच्या नावाची खुर्ची नव्हती. खुद्द बाईंच्याही नाही. एवढी शिकलेली, परदेश बघून आलेली बाई, पण चहाचा पेला घेऊन माझ्या गिरणीच्या पायरीवर उकिडवी बसायची. पहिल्याच दिवशी मी म्हणालो, "बाई, साहेबानं साहेबासारखं बसावं." त्या म्हणाल्या, "आबा, माझा बाप जन्मात खुर्चीवर बसला न्हाई, आन त्याच्या शब्दाबाहेर एक मेंढरू जात नव्हतं."

बाई माणदेशातल्या, मेंढरं राखणाऱ्या घरातल्या. माझी विश्रामबागेत पिठाची गिरणी, तिच्या मागं हळदीचं जुनं गोदाम. कॉलेजात जागा मिळेना म्हणून बाईंनी ते भाड्यानं घेतलं आणि आत काळोख करून लेसरचा उजेड खेळवायला लागल्या. मी चौथी शिकलेला, पण विचारायला भ्यायचं कशाला? विचारलं, "करता काय नेमकं?"

"तुमी ज्वारी दळता, आमी उजेड. दळत दळत शेवटी एक कण उरतो, तो म्होरं दळत न्हाई. त्या एकल्या कणाची चाल बघायची."

पेपरात क्वांटम म्हणतात ते हेच. मला तेवढं पुरलं.

माणसं मोजून चार. बाई, लोणंदची सुप्रिया, उंब्रजचा एक अबोल इंजिनिअर आणि जतचा बसू, जो भिंतीशीही भांडला असता. रोज सकाळी चौघं पायरीवर जमत आणि बाई विचारत, "आज म्होरं कोण?" ज्याला त्या दिवशीच्या कामातलं जास्त उमजतं त्यानं पुढं व्हायचं, बाकीच्यांनी त्याचं ऐकायचं. बाईंनीसुद्धा. मला हे पटेना. म्हटलं, "रोज नवा म्होरक्या? असं कुठं काम व्हतं व्हय?"

"मेंढरं घेऊन फिरताना असंच असतंय, आबा. एकजण चारा-पाणी बघाय म्होरं जातो. उद्याचं रान दुसऱ्याच्या वळखीचं असलं तर उद्या तो जातो. त्यात वय बघत न्हाईत."

त्यांची खरी अडचण माझी गिरणी होती. जातं फिरलं की फरशी थरथरायची आणि आतला उजेड हलायचा. बाई त्याबद्दल चकार शब्द बोलल्या नाहीत. मी दुपारी जेवायला उठलो, पट्टा थांबला, की यांचं मोजणं सुरू. माझ्या भुकेवर यांचं शास्त्र चालायचं.

मग परीक्षक यायचे ठरले. सलग दोन दिवसांचं मोजमाप दाखवलं तर अनुदान पुढं चालू, नाही तर गोदामाला कुलूप आणि चौघं चार वाटांना. नेमकी दिवाळी तोंडावर. गिरणीसमोर भाजणीच्या डब्यांची रांग लागलेली. त्या दिवशी म्होरं सुप्रिया होती. ती सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"आबा, दोन दिवस गिरणी बंद ठेवा."

"दिवाळीत? डोकं ठिकाणावर हाय का गं? तुझ्या बाईंना पाठव."

"त्या मागंच हायत की."

बाई खरंच मागं उभ्या होत्या. मी त्यांच्याकडं बघत राहिलो. म्हटलं, आता तरी बोलतील.

"माझ्याकडं काय बघताय आबा? मी आज मेंढरांच्या मागं."

सगळं बुडायला आलं तरी पोरीचा मान राखणारी ती बाई. बाकी शास्त्र मला कळत नसेल, मान कळतो. मी त्यावरच जगलोय. मी पट्टा उतरवला आणि रांगेला सांगितलं, "दुसरीकडं जावा." घरात आमच्या हिनं आठवडाभर ऐकवलं ते वेगळं.

मोजमाप जमलं. अनुदान आलं आणि मागोमाग नवी पोरंपोरीही आली. गोदाम गजबजलं. दुसरा कुणी असता तर दारावर पाटी लावून ऐटीत बसला असता. बाई मात्र एक दिवस म्हणाल्या, "आबा, मी साताऱ्याला दुसरी प्रयोगशाळा मांडाय निघाले. इथलं सुप्रिया बघंल."

"भरल्या घरातनं कुणी उठतं व्हय?"

"चार माणसांत कोण काय करतंय ते दिसतंय. आता मला रोज कागद काढून सांगाय लागतंय. मेंढरं लय झाली की वाडा, म्हंजे कळपाचा तळ, फोडायचा, दोन वाटा धरायच्या. न्हाई तर एकाच रानात सगळी उपाशी."

मी दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी दारात टेंपो लागला तेव्हा राहवलं नाही. बघतो तर बाईंनी जुना लेसर घेतलेला, जो तापायलाच अर्धी सकाळ खायचा. पोचे पडलेल्या पेट्या घेतलेल्या. नवं यंत्र गोदामातच. माणसांतही बसू निवडला.

"चांगलं तेवढं सगळं मागं ठेवलंसा?"

"थोरला फुटून निघाला तर लंगडी मेंढरं त्यानं न्यायची. आमच्यात रीतच हाय."

बसू टेंपोतनं ओरडला, "लंगडं म्हंजे मी का ओ ताई?"

"मग काय मी?" बाई म्हणाल्या.

मी म्हटलं, "असं असंल तर मला का न्हाई नेत? माझे दोन्ही गुडघे गेल्यात."

बाई हसल्या नाहीत. माझ्या पायांना हात लावून म्हणाल्या, "तुमी मेंढरू नव्हं आबा, तुमी रान. रान कुणी उचलून नेतं व्हय?"

जन्मात मी कुणाला शेवटचा शब्द घेऊ दिला नाही. त्या दिवशी दिला.