शेपटीवरचा ठिपका

गल्लीच्या तोंडाशी फोटो स्टुडिओ चालवणाऱ्या गृहस्थाला सगळे ‘हलूनका’ म्हणत. समोरासमोर नव्हे, तेवढी सभ्यता गल्लीत शिल्लक होती. तीस वर्षं त्याने निळ्या पडद्यासमोरच्या स्टुलावर माणसं बसवली, दोन बोटांनी त्यांची हनुवटी वर केली आणि सांगितलं, “हलू नका.” आरशाशेजारी दोरीला बांधलेला कंगवा, खिळ्यावर एक काळा कोट. निम्म्या गावाने तो कोट पासपोर्टपुरता घातलेला. आणि कामाची एक ठाम रीत होती: फोटोतला प्रत्येक डाग, पुटकुळी, तीळ पुसायचा आणि मूळ फोटो तिथल्या तिथे उडवायचा. आपला खरा चेहरा पुन्हा दिसला की गिऱ्हाईक भांडतं, असा त्याचा अनुभव. सख्ख्या बायकोच्या हनुवटीवरचा तीळसुद्धा त्याने लग्नापासून एकाही फोटोत टिकू दिला नव्हता.

असा हा सरळमार्गी माणूस पन्नाशी उलटल्यावर रोज उजाडता उजाडता घराबाहेर पडू लागला आणि नऊच्या सुमाराला ओलाचिंब होऊन, स्वतःशीच हसत परत येऊ लागला. गल्लीने काय तो अर्थ काढला. वरच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंनी तर ‘ती’ कोण असेल याची तीन नावंही काढून ठेवली. बायकोला खरं ठाऊक होतं, पण तिने अवाक्षर काढलं नाही. नवरा माशाच्या नादी लागला हे सांगण्यापेक्षा संशय परवडला, असं तिचं मत.

झालं होतं असं. एका नव्या जोडप्याचे फोटो काढायला तो नदीच्या वळणावर गेला होता. लेन्सचं झाकण हातातून निसटून पाण्यात पडलं. उचलायला वाकला, तर घोटाभर पाण्यातल्या एका गोट्याने त्याच्याकडे पाहिलं. गोट्याला मिशा होत्या. मुरी होती ती, करंगळीएवढी मासळी, वाळूच्याच रंगाची, अंगावर तपकिरी पट्टे. बघता बघता तिने अंग वाळूत सारलं आणि वर उरले फक्त मोहरीएवढे दोन डोळे. मागे जोडपं हसू धरून ताटकळत उभं, आणि हा तिथेच गुडघे टेकून बसलेला.

मग त्याने पत्र्याचा एक जुना डबा घेतला, तळ कापून तिथे काच बसवली. डबा पाण्यावर टेकवून आत डोकावलं की वरची लकाकी नाहीशी होई आणि खाली एक अख्खी वस्ती उघडी पडे. पाण्यात चालणारा एक जुना कॅमेराही त्याने पैदा केला आणि रोज प्रवाहात पालथा पडून राहू लागला. मुरी मिशांनी गोटा चाचपायची, तोंडभर वाळू घ्यायची, त्यातलं खाणं ठेवून वाळू कल्ल्यांतून सोडून द्यायची. मधूनच सळकन वर येऊन हवा गिळायची, आणि ती हवा थोड्या वेळाने बुडबुडा होऊन मागच्या दाराने बाहेर पडायची. हे त्याने बायकोला सांगितलं. त्यात एवढं नवल काय, घरातही तेच चालतं, असं म्हणून ती कणीक मळत राहिली.

इथे फक्त एकच अडचण होती. स्टुलावर मुरी नव्हती, हा होता. याने जरा जोराने श्वास सोडला तरी ती दिसेनाशी. तीस वर्षं दुसऱ्यांना सांगितलेलं आता त्याला स्वतःला करावं लागत होतं.

तशात पालिकेने ठरवलं की काठाने फिरायला रस्ता करायचा आणि वळणावरचे गोटे उपसून तळ सिमेंटने सपाट करायचा. नदीवरच ओळख झालेल्या, कॉलेजात मासे शिकवणाऱ्या बाईंनी त्याला सांगितलं, “काका, इथे पूर्वी एक दुर्मीळ मुरी होती म्हणतात. तिचा फोटो असेल तर गुरुवारच्या बैठकीत वळण सोडायला लावते. नाहीतर शुक्रवारी यंत्र येतंय.”

हलूनकाने तीन दिवस पाण्यात काढले, पाठ लाकडासारखी केली आणि फोटो मिळवला. असा फोटो, की मिशीन् मिशी मोजून घ्यावी. मंगळवारी मोठी प्रत काढून, पाकिटात घालून बाईंकडे दिली.

बाईंनी फोटो उजेडात धरला. “सुंदर आहे, काका. पण ही नेहमीचीच. दुर्मीळ असती तर शेपटीच्या मुळाशी काळा ठिपका असता.”

हलूनकाचा चेहरा उतरला. “ठिपका होता,” तो हळूच म्हणाला. “मी पुसला.”

मूळ फोटो? तो तर रीतीप्रमाणे उडवलेला. बाईंनी कपाळाला हात लावला. हातात उरला बुधवार.

घरी येऊन तो न जेवता बसून राहिला. बायकोने सगळं ऐकून घेतलं. “सत्तावीस वर्षं माझा तीळ पुसताय,” ती म्हणाली, “मासा कसा सुटेल तुमच्या हातून? उद्या मी येते बरोबर.”

बुधवारी सकाळी ती पदर खोचून पाण्यात उतरली. आधी चपलेवरून बोलली, मग गार पाण्यावरून, मग शिंपीणबाईंवरून. त्याने डबा तिच्यासमोर धरला. तिने आत पाहिलं आणि बोलणं मधेच थांबलं.

खाली कोवळं ऊन गोट्यांवरून जाळ्यासारखं सरकत होतं. एक गोटा श्वास घेत होता. मग दुसरा. मग तिच्या ध्यानात आलं की मघापासून ज्याला ती वाळू समजत होती, त्या वाळूला डोळे आहेत, दहा, वीस, मोजता येईनात इतके. तिच्या पायाच्या अंगठ्याशी एक मुरी आली, मिशांनी नख चाचपलं आणि तिथेच टेकली. गल्लीच्या इतिहासात ही बाई सलग अर्धा तास गप्प राहिल्याची ही एकच नोंद. शेवटी तिने नुसतं बोट केलं. अंगठ्याशी टेकलेल्या मुरीच्या शेपटीवर ठिपका होता, काजळाने लावल्यासारखा.

त्याने फोटो काढले. काठावर येताच बायकोने हात पुढे केला. “कार्ड इकडे द्या. घरी गेलात की तुमची बोटं शिवशिवतील.” ते मुठीत धरून ती तशीच ओल्या कपड्यांनी बाईंच्या दारात गेली. दोघं एकत्र भिजून परतलेली पाहून शिंपीणबाईंनी तिन्ही नावं मागे घेतली.

गुरुवारी कॉलेजच्या बाईंनी बैठकीत तो ठिपका भिंतीएवढा करून दाखवला. वळण सोडायचं ठरलं. यंत्र वरच्या पुलापाशीच थांबणार.

शुक्रवारी यंत्र आलं. खाली वळणावर दोघं डब्यावर डोकी टेकवून बसली होती. पुलाकडून घरघर सुरू झाली, पाण्याला शहारे आले, बारके खडे तळावर थरथरू लागले. ठिपकेवाली मुरी काचेच्या नेमकी खाली होती. तिने मिशा पसरल्या आणि शेपूट आखडलं.

हलूनका काचेवर वाकला आणि गिऱ्हाइकाशी बोलावं तसा अदबीने कुजबुजला, “हलू नका.”

ती हलली नाही. थोड्या वेळाने तिने एक बुडबुडा सोडला, मागच्या दाराने.