विहिरीत उतरताना बांधलेली बॅटरी

दारव्ह्याच्या बाजारात परवा आंब्याच्या पेटीतून कार्बाईडचा वास आला आणि मला आमची कोरडी विहीर आठवली. साठ-एकसष्टचा उन्हाळा असेल. झरा लागावा म्हणून दादा विहिरीच्या तळाशी आडवा बोगदा खोदत होता, आणि भर दुपारी त्यातली माती त्याच्या अंगावर ढासळली. शेजारच्या वावरातली माणसं दोर धरायला धावत आली. मी उतरायला निघालो तेव्हा बाबांनी कंदील पुढे केला आणि लगेच मागे घेतला. "एक हात कंदिलातच गुतला तं माती कशानं काढशीन?" मग त्यांनी कार्बाईडच्या गॅसवर जळणारा दिवा माझ्या डोक्याला बांधून पाहिला, पण तो जड होता आणि चटके देत होता. शेवटी वहिनीनं लुगड्याचा काठ फाडला आणि घरातली छोटी बॅटरी माझ्या कपाळावर बांधली. "टोचून राह्यलं का?" तिनं विचारलं. मी नाही म्हणालो. खाली मी दोन्ही हातांनी माती ओढत राहिलो, आणि मान वळेल तिकडे उजेड जात होता. आधी दादाचा पाय दिसला, मग हात, मग चेहरा. तोंडात माती भरलेली होती. मी त्याला दोर बांधला आणि "ओढा" म्हणालो. मी वर आलो तेव्हा त्याला बाजेवर निजवलं होतं. वहिनी तिथून उठून माझ्याकडे आली, तिनं गाठ सोडली, बॅटरी बंद केली. "वळ उठला तुह्या कपायावर," ती म्हणाली आणि अंगठ्यानं तो चोळत राहिली. मला काहीच वाटत नव्हतं. आता वहिनीही गेली. तिच्या अंगठ्याचा दाब अजून कळतो, पण दादासाठी रडू मला कधी आलंच नाही.