बोलपटाच्या गाड्या

कुठला सिनेमा जास्त चालला, जुना की नवा, यावरून घरातली पोरं भांडतात आणि निवाड्याला माझ्याकडे येतात. मला कंटाळा येतो. असा निवाडा मी एकदा केलाय आणि त्यात माझंच काम गेलं.

मूकपटाच्या काळात मी एका फिरत्या तंबूत पडद्याशेजारी उभा राहून अहिराणीत गोष्ट सांगायचो. राजा रडला की मी रडायचो, राणीसाठी आवाज बारीक करायचो. रोज काहीतरी नवं घुसडायचो, म्हणून तीच माणसं पुन्हा यायची. मालक नंदुरबारचे, अत्तराचा धंदा सोडून यात पडलेले. तिकिटांवर त्यांचा भरवसा नव्हता, कारण अर्धी माणसं कनातीखालून शिरत. खेळ चालला की पडला हे ते बाहेर सोडून ठेवलेल्या बैलगाड्यांवरून ठरवत. गाड्या मोजायचं काम माझं; खेळ चालू असताना मालक तंबूत फिरकतही नसत.

मग त्यांनी सुरतेहून बोलणारं यंत्र भाड्याने आणलं. तळोद्याला एक आठवडा मूकपट, एक आठवडा बोलपट. ज्याला गाड्या जास्त, तो राहणार. बोलपट राहिला तर माझं काय, हे विचारायची गरजच नव्हती.

बोलपटाला पहिल्या दिवशी मैदान भरलं. तिसऱ्या दिवशी निम्मंही नाही. पडदा हिंदीत धडाधड बोलत होता आणि लोक एकमेकांची तोंडं बघत होते. मी मागे बसून खूश होतो, खोटं कशाला बोलू. तेवढ्यात ब्राह्मणपुरीहून आलेल्या एका म्हातारीने मला ओळखलं.

"भाऊ, हाई बाई काय सांगी ऱ्हायनी? आमले काही समजत नही. तू सांग ना."

गप्प बसायला हवं होतं. पण इतक्या वर्षांची खोड. उठलो आणि यंत्रावर आवाज चढवून सांगू लागलो. दुसऱ्या दिवशी गाड्या वाढल्या, मग रोजच वाढत गेल्या. आज बोलायचं नाही असं ठरवून जायचो, पण समोर माणसं बसली की राहवायचं नाही.

आठवडा संपला. मालकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"बोलपट जितना, भाऊ. गाड्या तूच मोज्यात."

मी हो म्हणालो. त्यातल्या किती गाड्या माझं ऐकायला आल्या होत्या, हे बोलायचा धीर झाला नाही. पुढच्या मुक्कामाला, विसरवाडीला, बोलपट दोन दिवसांत पडला असं कानावर आलं, तेव्हा मला आनंदसुद्धा झाला नाही.