मामी हत्तीवर, मी पाटीपुढे

शेवंतामामी, राहणार घाटंजी, यांच्यावर १९६२ च्या फेब्रुवारीत, पहिल्या रविवारी, सकाळी सव्वासात वाजता घोर अन्याय झाला. अन्याय करणारा इसम अजून मोकाट आहे. तो मी.

मामा, मामी आणि मी राष्ट्रीय उद्यानात हत्तीवर बसून जनावरं पाहायला गेलो होतो. मामी आधी चढल्या. माहूत म्हणाला, मांडीवरचं गुळाच्या पोळ्यांचं गाठोडं खाली ठेवा, वासानं हत्ती हट्टाला पेटतो. झालं! माझ्यातला पत्रकवाला खवळला. (तोवर मी बरीच पत्रकं काढली होती, सगळी निषेधाचीच.) कुठल्या कलमात लिहिलंय ते दाखवा, म्हणून मी त्या बिचाऱ्याला हत्तीच्या मानेवरून उतरवलं आणि चौकीजवळच्या नियमांच्या पाटीपुढे नेऊन उभं केलं.

इकडे मामी हत्तीवर एकट्या. जन्मभर बैलगाडी हाकलेली बाई. जुंपलेलं जनावर नुसतं बसवून ठेवणं त्यांना बघवत नाही. त्या सरकून मानेवर बसल्या आणि बैलाच्या पुठ्ठ्यात टोचतात तसा पायाचा अंगठा हत्तीच्या कानामागे टोचला. माहूतही नेमकं तेच करतो, हे त्यांना काय ठाऊक! हत्ती उठला आणि चालू लागला.

मी नवव्या कलमावर होतो. मामा शेजारी येऊन हळूच म्हणाले, "भाऊ, तुही मामी जंगलात गेली. तू पाटीच वाचून राह्यला काय?"

माहूत धावला. त्याच वाटेवर काल वाघाचे ठसे दिसले, हे चौकीवाल्याला आत्ताच आठवायचं होतं! मामा न पेटवलेली बिडी ओढत बसले. तासाभरानं एकच बोलले, "तिले पोहता येत नाही." पुढे तळं होतं म्हणे.

अखेर सागातून हत्ती आला. पुढे घामाघूम माहूत. वर मामी, कमरेपर्यंत भिजलेल्या, गाठोडं रिकामं, हत्तीच्या सोंडेला गूळ. मी रडकुंडीला येऊन विचारलं, कुठं लागलं तर नाही?

"गवे पाह्यले. वाघीण पाह्यली, दोन पिल्लं घेऊन," मामी म्हणाल्या. "हा माहूत आडवा आला नसता तं अजून पाह्यलं असतं. तू काय पाह्यलं रे?"

मी नियम पाहिले. गाठोड्याचं कलम होतं. बारावं.

तेव्हा वाचकहो, नुसते हसू नका. सदर इसमाला यापुढे कुठल्याही सहलीला नेऊ नये, या मागणीखाली आजच सही करा. मामा-मामींच्या झाल्या आहेत. तिसरी माझी.